होय, हात लावला होता

मी एक जुना, काळा, लाकडी वजीर आहे. उंची साडेनऊ सेंटिमीटर. बुडात शिशाची चकती, तिच्याखाली हिरवं मऊ कापड. कारागिराने मला घडवलं तेव्हा माझ्या अंगाला फक्त लाकडाचा वास होता. आता घामाचा येतो, बामाचा येतो, नाकात घालून आलेल्या बोटांचा येतो. तेवीस वर्षं स्पर्धा खेळलो, मित्रांनो. या सगळ्याची सवय झाली. एका घाणीची मात्र झाली नाही.

शेवटची फेरी होती. जिंकेल तो राष्ट्रीय संघात. पांढरी मोहरी पोस्टातल्या ताईंकडे. चार वर्षं त्यांची निवड अर्ध्या गुणाने हुकलेली. माझ्या बाजूला दातांचे डॉक्टर, दिवसातून पन्नास वेळा हात धुणारे.

अडतिसाव्या चालीला डॉक्टरांनी मला दोन बोटांत धरून उचललं. केसभरच. तेवढ्यात त्यांना दिसलं, की मी जागचा हललो तर ताईंचा हत्ती थेट राजाला मात देणार. त्यांच्या बोटांना घाम फुटला. मला अलगद खाली ठेवून त्यांनी प्यादं पुढे सारलं.

आमच्यात नियम आहे: ज्या मोहऱ्याला हात लावला, तेच खेळायचं. नुसतं नीट बसवायचं असेल, तर आधी तसं सांगायचं.

"डॉक्टर, वजीर उचललात. आता तोच खेळा," ताई म्हणाल्या.

"मी? काहीतरीच काय ताई! बाही लागली असेल."

"अहो, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलाय तुम्ही!"

"मग वाऱ्याने हलला असेल," डॉक्टर हसले.

पंच आले. "कोणी पाहिलं का?"

शेजारच्या पटांवरच्या माना खालीच राहिल्या.

"पुरावा नाही. खेळा पुढे."

पुरावा माझ्या मानेवर होता. दोन ओले ठसे. ते सुकेपर्यंत मला शिसारी येत राहिली.

ताई त्यानंतर पट सोडून माझ्याकडेच बघत राहिल्या. एकोणसाठाव्या चालीला त्यांनी हार मानली. डॉक्टरांनी रुमालाने बोटं पुसली आणि ते पंचांना म्हणाले, "मोहरी फार घाणेरडी झालीत हो. बदला आता!"

म्हणून मी आज कपाटावरच्या खोक्यात पडलो आहे. मित्रांनो, कधी मला ओल्या फडक्याने पुसलंत तर बरं वाटेल. पण खेळताना हात लागलाच, तर 'लागला' म्हणा. फार तर हराल. तेवीस वर्षांत शेकडो हरलेले हात माझ्या अंगावरून गेले. त्यांतल्या एकाचीही मला किळस आली नाही.