दोन पाट्या, तू पहिला

कोर्टाच्या बाकावर दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. त्या जागेवर कल्पिताने औषधाच्या दुकानातली कागदी पिशवी हाताने दाबून सपाट केली आणि पेनने शेजारीशेजारी दोन चौकटी आखल्या, नऊ-नऊ घरांच्या.

"दोन पाट्या," ती म्हणाली. "तू पहिला."

सलिलने मान वळवली. वर्षभरात पहिल्यांदा तो बायकोकडे असा सरळ बघत होता. "अगं, इथे?"

"आपलं नाव पुकारायला वेळ आहे. का रे, घाबरलास?"

"तुला? आणि या खेळात?" तो हसला. गालाच्या एकाच बाजूला उमटणारं, अर्धं देऊन अर्धं ठेवून घेणारं तेच हसू. त्याने पेन घेतलं आणि सवयीने डाव्या पाटीच्या मधल्या घरात फुल्ली मारली.

हा खेळ त्यानेच तिला शिकवला होता. लग्न नवं होतं तेव्हा. डोंबिवलीला तिच्या माहेरी जेवून नौपाड्याच्या घरी परतताना गाडी शीळफाट्याला अडकायची, आणि तो काचेवर तोंडाची वाफ सोडून बोटाने पाट्या आखायचा. यात गोळा नाहीच, दोघांनीही फुल्लीच मारायची. ज्या पाटीवर तीन फुल्ल्या एका रेषेत आल्या ती पाटी मेली, तिथे पुन्हा खेळायचं नाही. आणि शेवटची पाटी ज्याच्या हातून मरेल, तो हरला.

"म्हणजे जुळलं की हरलं?" ती म्हणाली होती. "हा कसला रे खेळ?"

"खेळून तर बघ."

तिने खेळून बघितलं, आणि प्रत्येक वेळी हरली. तीन पाट्या असल्या की तो स्वतः पहिला खेळायचा. दोन असल्या की म्हणायचा, "आता तू पहिली. बघ, केवढं मोठं मन माझं!" तिलाही ते मोठं मनच वाटायचं. हरून ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवायची, पुढचे ट्रक हलायचे, काचेवरच्या फुल्ल्या विरून जायच्या.

मग घर निवत गेलं. भांडण नाही, तंटा नाही, कपाळावर आठीसुद्धा नाही. तो जेवायचा, ताट उचलायचा, आतल्या खोलीत जाऊन दार लोटायचा. तिने विचारलं, "तुला मी नकोशी झालेय का?" तो म्हणाला, "असं मी कुठे म्हटलं?" तिने विचारलं, "मी थोडे दिवस आईकडे जाऊ?" तो म्हणाला, "तुझी इच्छा." रडून रडून एकदा तिनेच विचारलं, "मग आपण थांबायचं का, सलिल?" तेव्हाही तेच. तुझी इच्छा. जाताना तिची बॅग त्यानेच खाली रिक्षापर्यंत आणून दिली, आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "सावकाश न्या हां."

नंतर सासूबाईंचा फोन आला. "बाई गं, माझ्या लेकाने एका शब्दाने तुला जा म्हटलं नाही. मोडलंस ते तू." शब्द खरोखरच सगळे कल्पिताचे होते.

माहेरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती एकटीच दोन्ही हातांनी तो खेळ खेळत बसायची. आई म्हणायची, "अगं, वेड लागेल." वेड लागलं नाही, खेळ कळला. पाटी एकच असेल तर पहिल्याने मधलं घर घ्यायचं, आणि समोरचा जिथे खेळेल तिथून बुद्धिबळातल्या घोड्यासारखं अडीच घर चालायचं. पाच फुल्ल्यांवर पाटी अडते, सहावी मारणारा मेला. दोन पाट्या असतील तर मागून खेळणाऱ्याचं राज्य. त्यातली एक पाच फुल्ल्यांवर अडत असेल, तर दुसरी चारातच अडवायची, आणि मग ती आपल्याच हाताने मारून टाकायची. उरलेली पाटी आपोआप समोरच्याच्या गळ्यात पडते.

आणि एका दुपारी तिचा हात थांबला. म्हणजे त्याचं नशीब वगैरे काही नव्हतं तर. मन मोठं नव्हतं. तो फक्त मोजत आला होता, शेवटची फुल्ली आपल्या वाट्याला येऊ नये एवढंच.

आज तिला एकच गोष्ट हवी होती. आत समुपदेशक बाईंसमोर त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणावं, मला नकोय. मग लोकांनी तिला टाकलेली म्हटलं तरी चालणार होतं. मोडणारी म्हणवून घेत उरलेला जन्म काढायची तिच्यात ताकद नव्हती.

फुल्लीमागून फुल्ली पडत गेली. डावीकडे चार फुल्ल्या एका कोपऱ्यात चौकोन करून बसल्या. आता तिथे कुठेही हात लावा, रेषा जुळणार. उजवीकडे पाच झाल्या, तीही अडली. खेळी तिची होती.

तिने डाव्या पाटीवर फुल्ली मारली आणि तीन जुळलेल्यांवरून रेघ ओढली. "ही मेली."

सलिल आधी हसला, मग त्याची नजर उजव्या पाटीकडे गेली. चार घरं रिकामी होती आणि चारही तोंडं वासून बसली होती.

"शिकलीस की," तो हळूच म्हणाला.

"मार ना."

"थांब गं."

"कुठेही मार, सलिल. तूच मारायचीय."

त्याने पेनचं टोक एका घरावर नेलं, दुसऱ्यावर नेलं. इतक्यात शिपायाने दार उघडून नावं पुकारली. सलिलने पेनाला टोपण लावलं आणि पेन पिशवीवर आडवं ठेवलं.

"राहू दे," तो उठत म्हणाला. "खेळच आहे."

आत बाई मायाळू होत्या. पाणी विचारलं, पंखा वाढवला. मग म्हणाल्या, "एकमेकांवर ढकलू नका हं. वेगळं व्हायचं हे मुळात कोणाच्या मनात आलं?"

कल्पिताने त्याच्याकडे पाहिलं. बोल. एकदा बोल रे.

सलिलने खाली पाहिलं. आवाज मऊ होता, दुखावलेल्या माणसाचा असतो तसा. "मी काय सांगू, मॅडम? तिची इच्छा."

बाईंची नजर तिच्याकडे वळली. त्या नजरेत आत्तापासूनच थोडा ठपका होता. कल्पिताने बोलण्यासाठी तोंड उघडलं. काय सांगणार होती? काचेवरची वाफ? लोटलेलं दार? रिक्षावाल्याला सांगितलेलं 'सावकाश'?

"हो," कल्पिता म्हणाली. "माझीच."

बाहेर आल्यावर त्याने किल्ली बोटात फिरवली. "डोंबिवलीपर्यंत सोडू? उन्हाची कुठे जातेस?"

"नको. तू जा."

"बघ हं. तुझी इच्छा."

तो जिना उतरून गेला. बाकावर पिशवी तशीच होती, वर पेन आडवं. कल्पिता पिशवीशेजारी बसली, पेनाचं टोपण काढलं आणि उजव्या पाटीवरची त्याची फुल्ली स्वतःच मारली.