परतीचा प्रवास वगळून

१. ड्रायर लावायचा नाही.

नास गावातल्या आमच्या घरामागे कपडे वाळवायची दोरी आहे. आयर्लंडात दोरीवर कपडे टाकायचे म्हणजे दर वीस मिनिटांनी धावत जाऊन ते काढायचे. जानेवारीत तर ते घरातच, जिन्याच्या कठड्यावर, तीन तीन दिवस ओलसर. ईशा म्हणाली, तिच्या युनिफॉर्मला कुत्र्याचा वास येतो. ईशा माझी मुलगी, दहा वर्षांची. कागदावर पहिली सही तिचीच.

कागद स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दारावर होता. इथं कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. वर लिहिलं होतं: हे वर्ष, एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर. खाली पर्यावरणासाठी सात नियम, माझ्या अक्षरात. त्याखाली सह्या: ईशा, मी स्वानंदी, माझा नवरा मुकुल.

२. हीटिंग अठराच्या वर नाही.

मार्चमध्ये सांगलीहून अप्पा आले. माझे वडील. चौऱ्याहत्तर वर्षांचे, एकटे. दोन स्वेटर, मफलर, कानटोपी, आणि हे सगळं घरात. मुकुलनं न बोलता हीटिंग एकवीसवर नेलं. अप्पा उठले आणि त्यांनी ते परत अठरावर आणलं.

"मुकुलराव, माझ्यासाठी नको. पोरीचा नेम आहे."

"नेम कसला अप्पा, टार्गेट आहे ते."

"टार्गेट मला सांगू नका. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली मी. टार्गेट मार्चमध्ये कागदावर पूर्ण होतं. हे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय."

रोज आंघोळ झाली की ते प्रेससमोर उभे राहून सातही नियम वाचत. ओठ हलत.

आई गेली तेव्हा तिचे सोळा सोमवार चालू होते. अकरावा झाला आणि ती गेली. उरलेले पाच अप्पांनी केले. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्यांना तिथं उभं बघून मी हसले.

३, ४, ५.

प्लास्टिक, पावसाचं पाणी, गाडीऐवजी ट्रेन. हे पाळले गेले. मुकुल रोज ट्रेननं डब्लिनमध्ये ग्रँड कॅनाल डॉकला ऑफिसला जायला लागला. त्यांच्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

६. विमानानं प्रवास नाही.

"मग मी आलो ते?" अप्पांनी ईशाला विचारलं.

"यू डिडन्ट साइन, आजोबा."

"मग करतो की."

मेच्या शेवटी, निघायच्या दिवशी सकाळी, त्यांनी चष्मा पुसला, पेन मागितलं आणि चौथी सही केली. सहीखाली बारीक अक्षरात लिहिलं: परतीचा प्रवास वगळून.

"अप्पा, तुम्ही वकील व्हायला हवं होतं," मुकुल म्हणाला.

"उद्यापन एकतीस डिसेंबरला ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"मग एक तारखेला निघ. मी येतो स्टेशनवर तुला न्यायला."

विमानतळावर चालताना ते दोनदा थांबले. म्हणाले, बूट नवा आहे, चावतो. मी बुटाकडे पाहिलं. बूट नवाच होता.

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर

दर रविवारी व्हिडिओ कॉल. दर रविवारी अप्पा त्याच खुर्चीत.

"कसं चाललंय?"

"ग्रँड," अप्पा म्हणायचे. शेजारच्या आयरिश म्हाताऱ्याकडून उचललेला शब्द, म्हणजे मजेत. आम्ही सगळे हसायचो, आणि पुढचं विचारायचं राहून जायचं.

चौदा ऑक्टोबर

मोबाइलवर मेसेज: ताई, काकांनी शपथ घातलीय, तरी सांगतोय. जूनमध्ये डॉक्टर म्हणाले होते, हृदयाची झडप महिन्याभरात बदलायला हवी. काकांनी तारीख घेतली आठ जानेवारीची. डॉक्टर चिडले. काका म्हणाले, मुलीचा नेम सुटल्याशिवाय नाही, ती आल्याशिवाय नाही. आता त्यांना आडवं झोपता येत नाही. बसूनच झोपतात. रागवू नकोस. अंबरीश.

अंबरीश माझा चुलतभाऊ. अप्पांच्या दोन गल्ल्या पलीकडे राहतो.

आठ जानेवारी. मी एक तारखेला निघणार. दोनला मुंबई, तीनला सांगली. मग झोपेचं घड्याळ जुळायला चार दिवस. अप्पांनी माझ्या विश्रांतीचे दिवससुद्धा धरले होते.

चौदा ऑक्टोबर, फोन

"अप्पा, मी उद्या निघतेय."

"अंब्याचं थोबाड फोडतो."

"तुम्हाला जिना चढवत नाही. थोबाड कसलं फोडताय?"

ते हसले. हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत मी ओट्याची कड धरून उभी होते.

"अडीच महिने तर राहिलेत, बाळ. अर्ध्यात सोडू नये काही."

"अप्पा, मी ते नाताळच्या सुट्टीत चहा पिताना लिहिलं होतं. देवापुढे नाही. कुणापुढेच नाही."

"सही आहे ना?"

"आहे."

"पोरीचीही आहे. तिला काय सांगशील?"

ईशा शाळेचं दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "आजोबा, आय डिडन्ट मीन यू. आय मेंट, लाइक, हॉलिडेज."

"काय म्हणाली?"

"सुट्टीत फिरायला जायचं नाही, एवढंच म्हणायचं होतं तिला."



"मग तसं लिहायचं," अप्पा म्हणाले.

त्यांनी नको म्हटलं नाही. मी तिकीट काढलं.

सांगली

मी पोचेपर्यंत अंबरीशनं अप्पांना दवाखान्यात दाखल केलं होतं. डॉक्टर माझ्याहून लहान असावेत. त्यांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. फुप्फुसांत पाणी आहे, मूत्रपिंडंही थकलीत. अशा स्थितीत ऑपरेशन करता येणार नाही. आधी पाणी उतरू दे, मग बघू. वचन देत नाही.

"जूनमध्येच ऑपरेशन केलं असतं तर," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून थांबले.

सिस्टरनं वाक्य पुरं केलं. "मुलगी परदेशात असते ना त्यांची. तिच्यासाठी थांबले होते."

"मीच ती," मी म्हणाले.

७. नियम मोडला तर लपवायचा नाही.

अप्पा पलंगावर बसलेले. पाय सुजून गुळगुळीत झालेले. माझ्याकडे बघून त्यांनी आधी बॅग कुठे ठेवली ते विचारलं.

"मुकुलराव चिडले नाहीत ना?"

"तो कशाला चिडेल? तुम्ही होतात तेव्हा रोज रात्री तुमच्या खोलीचं हीटिंग वाढवायचा."

"ठाऊक आहे. मी पहाटे उठून कमी करायचो."

श्वास घ्यायला ते थांबले. मग म्हणाले, "चुकलं का गं माझं?"

येताना सगळ्या वाटेवर मी ठरवून आले होते, की असं विचारलं तर नाही म्हणायचं.

"हो अप्पा. चुकलं."

त्यांनी मान हलवली. कुणी मोजमाप बरोबर सांगितलं की हलवायचे तशी.

"माझंही," मी म्हणाले. "तुम्ही रोज ते वाचत होतात. एकदा तरी बसवून सांगायला हवं होतं मी, की हे तुमच्या जिवापेक्षा मोठं नाही."

"आधी कोण सांगतं असं?" अप्पा म्हणाले. "मागनंच कळतं."

दुपार

त्यांना झोप येत होती आणि आडवं होता येत नव्हतं. उशा सरकत होत्या. डोकं पुढे जायचं, ते दचकून जागे व्हायचे, ओठ निळसर व्हायचे. दोन दिवस असंच चाललंय, अंबरीश म्हणाला.

मी चपला काढल्या. पलंगावर चढले आणि त्यांच्याकडे पाठ करून, मांडी घालून बसले.

"टेका," मी म्हणाले.

"तुला भार होईल."

"अप्पा, टेका."

आधी नुसता सदरा टेकला. मग पाठ. मग हळूहळू सगळं वजन. फार नव्हतं ते. डोकं मागे येऊन माझ्या मानेवर विसावलं. त्यांचा श्वास माझ्या पाठीला कळत होता. वर जायचा, मध्येच अडायचा, मग खाली यायचा. अडला की माझाही अडायचा. पायाला मुंग्या आल्या, मी हलले नाही.

सिस्टर आत आली. "ताई, असं पेशंटच्या पलंगावर बसता येत नाही."

"झोप लागलीय त्यांना," मी हळूच म्हणाले.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग पडदा ओढून गेली.