रिकाम्या कप्प्यातले पाकीट

युएनचीबाईंनी स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवला आणि तसाच धरून ठेवला, कारण वकीलसाहेबांना त्या स्क्रूचे आणखी एक छायाचित्र हवे होते.

"स्क्रूचं झालं असेल तर माझ्या चपलांचंही काढा," त्या म्हणाल्या. "त्याही जुन्याच आहेत."

"नोंदीसाठी लागतं, थांग मॅडम." कंपनीचे वकील यान यांनी मोबाइल खाली घेतला. "शेवटी तुमच्याच सोयीचं आहे."

बाईंनी स्क्रू फिरवला. तो गंजला होता. कुरकुरला आणि सुटला.

बाईंच्या घरच्या टेबलावर आडवा घातलेला हा करडा संगणक एकेकाळी तालुक्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत होता. शियाशी गावातल्या विहिरींचे नमुने यंत्रातून गेले की त्यांचे आलेख याच्या पडद्यावर उमटत, आणि मुख्य विश्लेषक या नात्याने युएनचीबाई ते सीडीवर उतरवून ठेवत. प्रयोगशाळा बंद पडली तेव्हा संगणक त्यांनी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून परत उतरवून घेतला. सीडी त्यांच्याकडे राहिल्या, कारण त्या दुसऱ्या कोणालाच नको होत्या. आता गावाने धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्याविरुद्ध लवादाकडे दाद मागितली होती, आणि कंपनीचे म्हणणे असे होते की त्या काळात विहिरींची तपासणी 'विश्वासार्ह रीतीने' झालीच नव्हती. तो शब्द कागदावर वाचला त्या दिवशी युएनचीबाईंना दुपारचे जेवण गेले नव्हते.

लवादाने आदेश दिला होता: मूळ सीडींची प्रत मूळ संगणकावरच काढावी, दोन्ही पक्षांसमोर, एका सीडीवरून थेट दुसऱ्या सीडीवर. मधे हार्ड डिस्कवर काहीही उतरवू नये. संगणकाला सीडी ड्राइव्ह एकच होता. म्हणजे दुसरा बसवणे आले, आणि तोही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. वाटेत मजकूर संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतून जाणारच, तेव्हा या सोवळ्याला काही अर्थ नाही, असे बाईंनी आकृती काढून लवादाला कळवले होते. उत्तरादाखल तोच आदेश पुन्हा आला, यावेळी शिक्का जरा ठळक होता. आजचा दिवस अखेरचा. आज प्रत झाली नाही, किंवा झालेली प्रत मान्य झाली नाही, तर गावापाशी आजारी माणसांखेरीज पुरावा उरत नव्हता.

"चहा घ्या सगळ्यांनी," आ-मान म्हणाली. ती गावाच्या बाजूने आली होती; तिच्या पेरूच्या बागेतली विहीर कारखान्याच्या भिंतीला लागून होती आणि तिचा नवरा त्याच विहिरीचे पाणी आयुष्यभर पीत आला होता, जोवर आयुष्य होते तोवर. तिने कापलेल्या पेरूची थाळी दाराशी लावलेल्या स्कूटरच्या सीटवर ठेवली, कारण टेबलावर जागा नव्हती. "वकीलसाहेब, घ्या की. हे नळाच्या पाण्यावरचे आहेत. भिऊ नका."

वकिलांनी हात जोडून नकार दिला. लवादाचे कारकून पेंग यांनी मात्र दोन फोडी उचलल्या.

बाईंनी हात मागे केला. त्यांनी काही मागण्याच्या आत चिमटा त्यांच्या तळव्यावर टेकला. तो देणारा होता को जिंगथाई. पूर्वी त्यांच्या हाताखालचा, आता त्याच कंपनीत सुरक्षा विभागाचा प्रमुख, आणि आज कंपनीच्याच बाजूचा साक्षीदार. वकिलांनी भुवई उचलली. जिंगथाईने हात घाईने खिशात घातला.

"सवय, दुसरं काय," तो पुटपुटला.

"पगार बदलला तरी हात बदलला नाही म्हणायचा," आ-मान म्हणाली.

युएनचीबाईंनी बाजूचा पत्रा सरकवून काढला.

"नोंद घ्या," यान लगेच पेंगना म्हणाले, "प्रयोगशाळेचं सील पत्र्यावर नाही."

"कागदाचं होतं. इथली हवा दमट आहे. गळून पडलं."

"असेलही. पण घड्याळ मागे केलं की सीडीवर हवी ती तारीख पडते. हार्ड डिस्क मधल्या काळात बदललेली नाही कशावरून? हा संगणक आतून तोच आहे कशावरून? मी आरोप करत नाही, मॅडम. मी फक्त विचारतोय."

"विचारताय की," बाई म्हणाल्या. "बारा वर्षं मी दर महिन्याला त्या विहिरींवर बाटल्या घेऊन जात होते, तेव्हा विचारायला तुमच्यापैकी कोणी आलं नाही."

"मॅडम," पेंग समजुतीने म्हणाले, "उघडल्यावर आत जे दिसेल ते मी लिहितो. लवाद ठरवेल."

दुसरा ड्राइव्ह वरच्या रिकाम्या कप्प्यात जायचा होता. जुन्या बाजारातून आणलेल्या त्या ड्राइव्हच्या पाठीमागचा, दोन पिना जोडणारा चिमुकला जंपर बाईंनी चिमट्याने काढून शेजारच्या पिनांवर बसवला. एकाच केबलवर दोन ड्राइव्ह असले की एकाने दुय्यम व्हायचे असते, नाहीतर संगणकाला दोन्ही दिसत नाहीत, असे त्यांनी पेंगना सांगितले आणि पेंगनी ते लिहून घेतले. मग त्यांनी कप्प्यासमोरची प्लास्टिकची पट्टी आतून दाबली. ती सुटेना. मागे काहीतरी तटले होते. त्यांनी जोर केला. पट्टी टचकन निघाली, आणि कप्प्यातून एक हिरवे पाकीट अर्धेमुर्धे बाहेर आले.

पाकीट काय आहे हे सांगण्याची गरज नव्हती. मक्याच्या गोड कुरमुऱ्यांचे ते हिरवे पाकीट या बेटावर तिकीटखिडकीपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर बसलेले असते, यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणून. हिरवेच लागते; पिवळे ठेवले तर यंत्र रुसते. फोडायचे नाही, खायचे नाही, आणि मुदत संपली की त्याच दिवशी बदलायचे.

"माझ्या प्रयोगशाळेत?" युएनचीबाई म्हणाल्या. आवाज फार हळू होता. "कोणी ठेवलं हे?"

पाकीट कप्प्याच्या मागच्या बाजूला ठासून भरलेले होते. त्याचा खालचा कोपरा पट्टीसारख्या केबलखाली दबून हार्ड डिस्कच्या स्क्रूंवर आला होता आणि तिथला पत्रा त्याच्या आकाराने धूळविरहित राहिला होता. पेंगनी पुढे वाकून छापलेली तारीख वाचली. मग पुन्हा वाचली.

"मुदत संपून सतरा वर्षं झाली," ते म्हणाले, आणि नकळत अर्धे पाऊल मागे सरले.

"यावर काही लिहिलंय." आ-मानने चष्मा कपाळावरून खाली ओढला. पाकिटावर नाव लिहायच्या चौकटीत जाड पेनाने काही खरडलेले होते. "'यंत्रदादा, ताईंचं ऐक. त्या रागावतात, पण मनाने चांगल्या आहेत.'" तिने मान वर केली. "अगं बया! हे कोणाचं?"

वकील हसले. "म्हणजे तपासणीच्या संगणकात खाद्यपदार्थ होता. 'विश्वासार्ह रीत' म्हणतात ती हीच का? पेंगसाहेब, हेही लिहा."

"मीच ठेवलं होतं," जिंगथाई म्हणाला.

यान यांचे हसू चेहऱ्यावरच राहिले. "को साहेब, तुम्हाला कोणी विचारलं नाही."

"नमुना चालू असताना हा सारखा अडकायचा. मी वर पाकीट ठेवलं, ताईंनी केराच्या टोपलीत टाकलं. दुसरं ठेवलं, तेही टाकलं. मग एका रविवारी पत्रा उघडून आत ठेवलं." तो टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होता. "त्यानंतर अडकला नाही."

"अडकला नाही, कारण त्याच आठवड्यात मी स्टॅबिलायझर बदलला!" बाईंचा हात टेबलावर आपटला, स्क्रू उडाले. "पावती आहे माझ्याकडे! पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेत फुगलेली पिशवी कोंबलीस तू? इतकी वर्षं आत किती तापत असेल याची कल्पना आहे? पदवी कसली घेतलीस रे, रसायनशास्त्राची की भूत उतरवण्याची?"

"चुकलं, ताई."

"बाई, अगं त्याने आत्ता काय सांगितलं ते तरी कळलं का तुला?" आ-मानने त्यांचा दंड धरला. "स्वतःच्या वकिलासमोर सांगितलं त्याने. हे पाकीट तेव्हाचं आहे म्हणून."

पेंग केबल उचलून आत बघत होते. "बरोबर आहे. हे पाकीट काढल्याशिवाय हार्ड डिस्कचे स्क्रू निघत नाहीत. आणि ते जागचं हललेलं दिसत नाही."

"काढून परत ठेवता येतं," यान म्हणाले.

"मुदत संपलेलं?" पेंगनी त्यांच्याकडे असे पाहिले जणू कोणी देवघरात पादत्राणे घालून शिरले आहे. "वकीलसाहेब, तुमच्या ऑफिसातल्या झेरॉक्स यंत्रावर नाहीये का पाकीट? त्याची मुदत संपलेली दिसली तर तुम्ही परत तिथेच ठेवाल? कोणी माणूस ठेवेल? ज्याने हा संगणक उघडला असता त्याने जुनं टाकून नवं ठेवलं असतं. सतरा वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे सतरा वर्षं कोणी आत हात घातलेला नाही. मी असंच लिहिणार आहे."

युएनचीबाईंनी उडालेले स्क्रू मोकळ्या हाताने गोळा केले. त्यांच्या संतापाला आता एकच एक दिशा नव्हती. बारा वर्षांचे नमुने, प्रत्येकाची दुबार तपासणी, प्रमाण द्रावणे, आलेख. ते सगळे संशयास्पद. आणि मक्याचे कुरमुरे पुरावा. त्यातही चीड आणणारी गोष्ट अशी की पेंगच्या तर्कात त्यांना खोट सापडत नव्हती. पाकिटाने यंत्र सुधारते हे खोटे होते; पण लोक ते खरे मानून वागतात हे खरे होते, आणि निष्कर्ष त्या दुसऱ्या वाक्यावर उभा होता. त्यांनी स्वतःच मांडला असता तरी असाच मांडला असता. फक्त त्यांनी एक अपवाद नोंदवला असता.

तो अपवाद यान यांनाही सुचला. त्यांनी पेनाचे टोपण लावले आणि सावकाश म्हणाले, "मानणारा परत ठेवणार नाही, हे कबूल. पण न मानणारा? त्याला काय फरक पडतो? तो बिनदिक्कत होतं तसं कोंबून ठेवेल." ते वळले. "थांग मॅडम, हा संगणक इतकी वर्षं तुमच्याच घरी आहे. को साहेबांनीच आता सांगितलं, पाकिटं तुम्ही टोपलीत टाकत होतात. तर सरळ विचारतो. तुम्ही हे मानता की नाही?"

पेंगची लेखणी कागदावर थांबली. जिंगथाईने मान वर केली. आ-मानने बाईंचा दंड सोडला आणि दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवले.

बाईंनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने एक काच पुसली, मग दुसरी, मग पहिली पुन्हा. तो त्यांनी डोळ्यांवर ठेवला तेव्हा कान तांबडे झाले होते. दोन बोटांनी त्यांनी ते जुने पाकीट कप्प्यातून ओढून काढले आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवले.

"जिंगथाई."

"हो, ताई."

"कोपऱ्यावरच्या दुकानात जा. एक घेऊन ये."

तो जागचा हलला नाही.

"हिरवं," त्या खेकसल्या. "पिवळं आणलंस तर याद राख. आणि तारीख बघून घे, मेल्या, नेहमीसारखं बावळटपणे उचलू नकोस."

जिंगथाई वकिलांकडे न बघता दारातून बाहेर पडला. पेंगची लेखणी पुन्हा चालू लागली. यान स्कूटरच्या सीटवरच्या पेरूच्या थाळीकडे बघत राहिले.

युएनचीबाईंनी नवा ड्राइव्ह रिकाम्या कप्प्यात सरकवला. तो नीट बसला. दोन्ही बाजूंना स्क्रू लावले, केबलची मधली जोडणी त्याच्या पाठीत दाबली, विजेची चार-तारी पिन घातली. एक स्क्रू दोनदा निसटला. मग त्यांनी संगणक सुरू केला. पंखा जुन्या माणसासारखा खाकरला आणि फिरू लागला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आली: पहिला ड्राइव्ह, त्याखाली दुसरा.

"दोन्ही दिसले," पेंग म्हणाले. "लिहितो."

बाईंनी वरच्या ड्राइव्हमध्ये शियाशी गावाची पहिली सीडी ठेवली, खालच्यात कोरी. दोन्ही कप्पे आत गेले. प्रत सुरू करण्याचा प्रश्न पडद्यावर लुकलुकू लागला. त्यांनी बोट कळीवर नेले आणि तिथेच ठेवले.

"दाब की गं," आ-मान कुजबुजली. "आता कसली वाट बघतेस?"

बाहेर रस्त्यावर एक स्कूटर गेली. बाईंनी दाराकडे पाहिले नाही.

"येऊ दे त्याला," त्या म्हणाल्या.