सर पडले

सरळ सांगतो. मी पडलो नाही. मला पाडलं.

हा फरक ज्यांना कळत नाही त्यांनी पुढे वाचू नये. एकतीस वर्षं मी अशांनाच व्याकरण शिकवत आलोय आणि आता माझ्यात दम उरलेला नाही. आठवीचा वर्ग, दुसरा तास. मी आत गेलो, "बसा" म्हणालो, स्वतः बसलो आणि खुर्चीसकट जमिनीवर गेलो. खुर्चीचे चार पाय चार दिशांना. वर्गात बत्तीस मुलं, आणि एकही हसलं नाही. त्यावरूनच मी काय ते ओळखलं. खुर्ची आपोआप मोडली असती तर मुलं खो-खो हसली असती.

माकडहाडाला तडा गेला. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे शक्यतो टेकायचं नाही, आणि टेकलंच तर ही उशी घ्या. मध्ये भोक असलेली गोल उशी. ती काखेत मारून मी शाळेत येऊ लागलो. मुलं मला आधीपासूनच पूर्णविराम म्हणतात, कारण मी वर्गात शिरलो की सगळं थांबतं. उशी बघून कोणीतरी फळ्यावर भलंमोठं शून्य काढलं. म्हणजे, आमच्या शाळेत हल्ली बोलतात तसं बोलायचं तर, शून्य उमटलं.

त्याचं असं झालं, की मुख्याध्यापिका बाई त्याच आठवड्यात कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. शिक्षा बंद. छडी केव्हाच गेली होती. आता ओरडणं, वर्गाबाहेर उभं करणं, घरी चिठ्ठी, वहीत लाल शेरा, सगळंच बंद. त्याऐवजी सलोखा-वर्तुळ. ज्याने नुकसान केलं तो, ज्याचं झालं तो आणि आजूबाजूचे, सगळ्यांनी गोल बसायचं. काय झालं, कोणाला काय लागलं, आता ते भरून कसं काढायचं, यावर बोलायचं. त्यासाठी समुपदेशक म्हणून एक ताई नेमल्या. तरुण, हसऱ्या, रागावायचं म्हटलं तरी न जमणाऱ्या.

शिक्षकांच्या खोलीत लगेच दोन तट पडले. खेळाचे सर टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "चार सणसणीत दिल्या की पोरं सुतासारखी सरळ येतात. आम्ही नाही खाल्ल्या?"

"खाल्ल्यात ना सर," ताई म्हणाल्या. "म्हणूनच टेबल बडवताय."

"डोक्यावर बसतील पोरं, डोक्यावर!"

"शिक्षेने मूल एवढंच शिकतं, की पुढच्या वेळी सापडायचं नाही. आपण कोणाचं काय नुकसान केलं ते त्याला दिसतच नाही."

मला दोघांचंही अर्धं अर्धं पटत होतं. शिवाय मला बसताच येत नसल्यामुळे मी कुठल्याच बाजूला बसलो नाही. छडी मला नको होती. मला फक्त एक वाक्य हवं होतं. कोणीतरी समोर येऊन म्हणावं, "सर, मी तुम्हाला पाडलं." कर्ता, कर्म, क्रियापद. बस्स! मी वर्तुळाच्या शेवटी भरायच्या समाधानाच्या अर्जावर सही करायला मोकळा.

पण बाईंनी प्रशिक्षणातलं एक कलम जरा जास्तच मनावर घेतलं होतं. कोणाकडेही बोट दाखवायचं नाही, वाक्यातूनसुद्धा. जिन्यात, व्हरांड्यात, पाण्याच्या नळावर तक्ते लागले. 'असं म्हणू नये: फोडली, पाडली, तोडली. असं म्हणावं: फुटली, पडली, तुटली.' पहिला तक्ता वाचून मी जिन्यातच खिळलो. ज्या कर्त्यासाठी माझं अख्खं आयुष्य गेलं त्याला शाळेतून काढून टाकलं होतं, दाखलासुद्धा न देता.

मुलांना काय, नवी भाषा आपल्या आधी येते. "सर, गृहपाठ राहिला." कोणाचा? "राहिला, सर." पेपर कोरा गेला. "डबा संपला, सर, पण माझा नव्हता." शाळेच्या बसवाल्याने फाटकाचा खांब आडवा केला आणि लेखी दिलं, की खांब मध्ये आला. मग त्या खांबासाठी वर्तुळ झालं. कारकुनाने माझा रजेचा अर्ज हरवला. मी विचारलं तर छातीवर हात ठेवून म्हणतो, "अर्ज गेला, सर. फार वाईट वाटतंय."

"अहो, गेला काय, आजारी होता का तो?" मी ओरडलो. ओरडणं बंद आहे, याची त्याने मला आठवण करून दिली.

माझ्या प्रकरणाच्या कागदावर बाईंनी लिहिलं, 'घटना: सर पडले.' मी लाल पेनाने 'पाडले' केलं. त्यांनी पांढरी शाई लावली. मी पुन्हा लिहिलं. कागदाला त्या जागी भोक पडलं. हो, ते मात्र मी पाडलं.

पहिलं वर्तुळ आठवीच्या वर्गात भरलं. मध्ये मोडकी खुर्ची, स्वच्छ चादरीवर. एक लाकडी चेंडू हातोहात फिरणार आणि चेंडू ज्याच्या हातात तोच बोलणार. पहिला मुलगा म्हणाला, खुर्चीकडे बघून त्याच्या पोटात तुटतंय. दुसरी म्हणाली, "खुर्चीवर खूप ओझं आलं असेल." एकतीस डोकी माझ्याकडे वळली. चेंडू माझ्याकडे आला तेव्हा मी म्हणालो, "कोणी पाडलं?" बाईंनी माझ्या हातातून चेंडू हळूच काढून घेतला.

दुसऱ्या वर्तुळाला खुर्ची दुरुस्त करायला आलेले सुतार बसले. त्यांनी खुर्ची उलटी केली, भोकांवरून अंगठा फिरवला आणि चेंडूबिंडू न घेताच म्हणाले, "ही मोडलेली नाही. सोळा स्क्रू होते, सोळाच्या सोळा पेचकसाने काढलेत. एकाचीही खाच खराब नाही. ज्याने काढलेत त्याचा हात साफ आहे."

"हे आरोपाचं वाक्य झालं," बाई म्हणाल्या.

"मग काय बाई, स्क्रू वैतागून निघून गेले?"

सुतारांना चहा देऊन निरोप देण्यात आला. त्यानंतर खेळाच्या सरांनी चेंडू घेतला. त्यांना लहानपणी घरात स्वतःची अशी खुर्चीच नव्हती, असं म्हणाले आणि ढसाढसा रडले. तिसऱ्या वर्तुळात खुर्चीसाठी एक मिनिट शांतता पाळली आणि मग ती ढालींच्या काचेच्या कपाटात ठेवली. सगळ्यांना हलकं वाटलं. माझं माकडहाड मात्र ठणकत होतं.

घरी मी पलंगावर पालथा पडून बायकोला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, "करून टाका ना सही. मेलं एक वाक्य ते! त्याने काय हाड जुळणार आहे?"

"तुला नाही कळायचं."

"नाहीच कळायचं. तीस वर्षं तुमची चूक झाली की या घरात 'गैरसमज झाला' असतं, ते तरी मला कुठे कळलं?"

मी उशीत तोंड घातलं.

शुक्रवारी बाईंनी मला बोलावलं. दुसऱ्या दिवशी समिती येणार होती, शंभर टक्के सलोखा बघायला. "सगळ्यांचं समाधान झालंय. तुमचीच सही राहिली, सर."

"राहिली नाही. मी केली नाही."

"असं अडून बसू नका हो."

"बसता आलं असतं तर बसलो असतो!"

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या वाईट नव्हत्या, नुसत्या थकल्या होत्या. "मग उद्याचं वर्तुळ तुमच्यासाठी घ्यावं लागेल. सलोख्याला तडा गेलाय."

"तडा माझ्या हाडाला गेलाय," मी म्हणालो आणि तणतणत आजारी मुलांच्या खोलीत जाऊन बाकावर पालथा झालो.

तिथे मधल्या सुट्टीत दोन बूट आले. पालथ्या माणसाला तेवढंच दिसतं.

"सर, स्क्रू मी काढले."

आवाज ओळखीचा होता. आठवीतली, जिला मी ठिपका म्हणतो ती. हजेरीला तिचा आवाज ऐकायला मला पेन थांबवावं लागतं. तिन्ही वर्तुळांत तिने चेंडू न बोलता पुढे दिला होता.

"पुन्हा म्हण."

"तुमच्या खुर्चीचे स्क्रू मी काढले. मी तुम्हाला पाडलं, सर."

काय सांगू! असं सुंदर वाक्य मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. कळ सोसत मी उठून बसलो. "मग वर्तुळात का नाही बोललीस गं?"

"तिथे सगळे खुर्चीशी बोलत होते. ताई म्हणाल्या होत्या, ज्याला लागलं त्याच्याकडे जाऊन सांगायचं. म्हणून आले."

"आणि का पाडलंस?"

तिने मान वर केली. "माझ्या बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. ते तुमच्याच वर्गात होते. मला माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात आईने माझ्या वहीवर तुमचं नाव बघितलं आणि ती बोलून गेली." तिने वडिलांचं नाव सांगितलं.

तिसरी रांग, खिडकीची बाजू, जाड भिंगांचा चष्मा. पंचवीस वर्षं झाली असतील. चेहरा लख्ख आठवला, पण तोंड चालूच होतं माझं. "अगं, तेव्हाचे दिवस वेगळे होते. साठ-साठ मुलं एका वर्गात. कधी कधी हात उठायचा. एखाद्याच्या कानाखाली बसायची..."

ती शांतपणे ऐकत होती. मग, वर्गात उत्तर देताना बोलते तितक्याच हळू आवाजात, जराही उद्धटपणा न करता, तिने विचारलं, "सर, या वाक्यात कर्ता कुठे आहे?"

खोटं कशाला बोलू, माझं डोकं फिरलं. मी हात उचलला. उठला नाही, उचलला. ती मागे सरली नाही. चष्म्याआडून बघत राहिली आणि मी हात खाली घेतला. मला माझीच भयंकर लाज वाटली.

शाळा सुटल्यावर मी तिच्या बाबांच्या दुकानात गेलो. शाळेमागच्या दुसऱ्या गल्लीत चष्म्याचं दुकान, जेमतेम दोन माणसं रुंद. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, काउंटरवर डबीच्या झाकणात मोहरीएवढे स्क्रू. तो भिंग लावून एका दांडीवर वाकला होता. एक बाई आरशात फ्रेम लावून बघत होत्या आणि एक आजोबा एक डोळा झाकून तक्ता वाचत होते.

"सर! या या!" तो धडपडत उठला आणि स्टूल पुढे केलं. "बसा ना. पोरीने काही केलं का?"

"नाही. मी केलं." मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो. त्याला काही कळलं नाही. तो नुसता हसला. "तुझा कान..." मी जरा मोठ्याने म्हणालो.

"हां, तो होय! तो लहानपणी गेला, सर. त्याचं काय एवढं? तेव्हा सगळ्यांनाच मार बसायचा. तुमच्यामुळे तर चार अक्षरं आली."

म्हणजे हाही! मीच शिकवलेला, आणि मलाच कर्तेपणातून सोडवत होता. मला तिथून सुटता आलं असतं. चहा पिऊन, त्याच्या खांद्यावर थोपटून.

"गेला नाही," मी म्हणालो. "मी घालवला."

"काय म्हणालात? जरा मोठ्याने, सर, या बाजूने मला..."

"मी तुला मारलं!" मी ओरडलो. वर्गात ओरडतो तसा. "मी! तुझा कान मी घालवला!"

आजोबांनी डोळ्यावरचा हात काढला. बाई फ्रेम नाकावर ठेवून तशाच थांबल्या. त्याने पेचकस काउंटरवर ठेवला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं आणि त्याच्याखाली तिसऱ्या रांगेतला तो मुलगा होता.

"का मारलं होतं, सर?" त्याने विचारलं.

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. देवाशप्पथ केला. "मला आठवत नाही," मी म्हणालो.

"मला आठवतंय. माझं पेन बंद पडलं होतं. मी शेजारच्याकडे मागितलं."

"एवढंच?"

"एवढंच."

डोळ्यांत पाणी आलं वगैरे नाही. मी रडलो.