आधी घरच्यांना सांगा

लखनौत बास्केटबॉल कोण बघतं, असं म्हणणाऱ्याला मी एकदा नफीसभाई आणि त्रिलोकी मास्तरांची कॉमेंट्री ऐकवीन. बघू नका म्हणावं, नुसती ऐका. मीही बघत नाही. यूट्यूबवर आमच्या लीगच्या मॅच दाखवतात त्या कोपऱ्यात लावलेल्या एका मोबाइलवरून. त्यात मुली मुंग्यांएवढ्या दिसतात आणि त्यातली माझी कोणती हे ओळखेपर्यंत बॉल दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. म्हणून मी फोन हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली उभा करते, आवाज पूर्ण वाढवते आणि स्वयंपाकाला लागते.

माझी म्हणजे रुचिरा. छावणीजवळच्या एका क्लबकडून खेळते. आमच्या तेलीबागेतून तिथे जायला असा कितीसा वेळ लागतो? पण मला बंदी आहे. गेल्या वर्षी तिचा गुडघा गेला, तेव्हा मी गॅलरीतून उतरून थेट कोर्टात धावले होते. रेफरीने आमच्याच टीमला टेक्निकल फाउल दिला, समोरच्यांना फुकटचा पॉइंट! पोर विव्हळत असताना आईने शिट्टीची वाट बघायची का? चूक रेफरीचीच होती, आजही सांगते. पण ऑपरेशननंतर ती पुन्हा खेळायला लागली, तेव्हा पहिली अट तिने हीच घातली. "मम्मी, तुम नहीं आओगी." मी मराठीत भांडले, ती हिंदीत जिंकली.

तेव्हापासून हे दोघे माझे डोळे. नफीसभाईंचं तेलीबागेत चष्म्याचं दुकान आहे, त्रिलोकी मास्तर शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले. दोघांत एकच माइक. कुणी वाटेल तसा बॉल फेकला की मास्तर म्हणणार, "बिटिया, सामने देखो, छत पर कुछ नहीं लिखा." कोचने एखादीला बाहेर बसवलं की नफीसभाई लगेच, "नाराज़ होके नहीं बैठाया है, सुस्ताने को बैठाया है." मी कणीक मळता मळता एकटीच हसते.

पण मला त्यांची खरी माया लागली ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. कोर्टात मुलगी पडली की हे दोघे स्कोअर सोडतात, फाउल कुणाचा ते सोडतात, आणि आधी सांगतात, "घरवाले घबराएँ नहीं, ठीक है." मग कुठे लागलं ते, आणि मग बाकीचं. दर वेळी, दोन्ही टीमच्या मुलींसाठी. एवढ्या लांबून यांना इतकं लगेच कसं कळतं, याचं मला नवल वाटायचं. चष्मेवाल्याची नजर, दुसरं काय!

आणि फायनलला यांनाच हटवलं. कुणी नवा स्पॉन्सर मिळाला होता. चार कॅमेरे आले, दिल्लीहून दोन सुटाबुटातले कॉमेंटेटर आले.

"अगं, चांगलंच आहे की," रुचिराचे वडील चंद्रशेखर म्हणाले. अमौसीला विमानतळावर नोकरी करतात, त्यांना जे मोठं आणि चकचकीत ते आवडतं. "आता पोरगी नीट दिसेल तरी."

"मला दिसायला नकोय," मी म्हणाले. "मला कळायला हवंय."

मॅच सुरू झाली. दिल्लीवाले बोलायचे छान, त्यात खोट काढायची नाही. टक्केवारी काय, डिफेन्स काय, कुठल्या कुठल्या लीगच्या आठवणी काय. पण आमच्या मुलींची आडनावं त्यांच्या तोंडात बसत नव्हती. मी नाक मुरडत भाकरी थापत राहिले.

शेवटच्या क्वार्टरमध्ये रुचिरा रिंगवर आपटून आलेल्या बॉलसाठी उडाली आणि दुसऱ्या मुलीसकट खाली आली. मी पिठाच्या हातांनीच हॉलमध्ये धावले. पडद्यावर तेच पडणं हळूहळू, पुन्हा पुन्हा दाखवत होते, आणि दिल्लीवाले तिने उडी कुठून घेतली याची चर्चा करत होते. अरे, पण ती कशी आहे?

मग एक जण म्हणाला, "रुचिरा अब भी नीचे हैं. कोच उठा रहे हैं, पर वो उठ नहीं रहीं. हाथ ऊपर उठा रखा है, शायद मदद माँग रही हैं. दर्द बहुत होगा."

गुडघाच. पुन्हा गुडघाच. "अहो, गाडी काढा," म्हणत मी दारात पोचले. एक चप्पल पायात, दुसरी सापडेना. चंद्रशेखरांचा चेहरा पांढरा पडलेला, किल्ली हातात असून ते किल्ली शोधत होते.

आणि मागून, फोनमधून, माइकपासून लांबून एक ओळखीचा आवाज फुटला, नफीसभाईंचा. "अरे, हटिए ज़रा! तेलीबाग वाली भाभीजी, घबराइए नहीं! घुटना नहीं है, कोहनी है, कोहनी! लीजिए, उठ गई बिटिया. आप घर से निकलिएगा मत!"

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. जिवात जीव आला आणि हसूही आलं, कारण माणसाने मला पुरतं ओळखलं होतं. फोनमध्ये जरा गडबड झाली. मग दिल्लीवाला म्हणाला, "जनाब, आप ही बैठ जाइए." उरलेली मॅच नफीसभाई आणि मास्तरांनी सांगितली. दिल्लीवाले मधूनमधून विचारत होते, ही कोण, ती कुणाची.

संध्याकाळी रुचिरा कोपराला पट्टी बांधून घरी आली. मी तिला आधी चाचपली आणि मग झापली. "कोपरच होतं, तर उठली का नाहीस? मदत कसली मागत होतीस?"

"मदद?" ती हसायला लागली. "मम्मी, वो तो इशारा था. नफीस चाचा ने सीज़न की शुरुआत में ही सब लड़कियों को सिखाया था. गिरो और ठीक हो, तो हमारी तरफ़ हाथ उठा दो, घर पर कोई सुन रहा होगा. आज टेबल पर वो थे ही नहीं. दिल्लीवाले समझे नहीं, तो मैं हाथ उठाए पड़ी रही, जब तक पीछे दर्शकों में बैठे चाचा ने देख नहीं लिया."

"आणि कोच उचलत होते तेव्हा?"

"तुम्हें बताए बिना कैसे उठती?"

मी रडले. चांगली मोठ्याने रडले. मला वाटत होतं, या पोरीने मला तिच्या खेळातून हाकलून दिलंय. आणि ही दर वेळी जमिनीवर पडल्या पडल्या आधी मला निरोप धाडत होती.

फायनल आम्ही तीन पॉइंटनी हरलो होतो. मी पुरणाची डाळ शिजत घातली, नफीसभाई आणि मास्तरांच्या वाटणीचीही.