खणखणीत मत

इंग्रज राजाला घालवून फार वर्षं झाली नव्हती. व्हर्जिनियाच्या सभागृहातले आमच्या परगण्याचे म्हातारे सभासद वारले. बसल्या जागीच वारले, त्यामुळे जागा रिकामी झाल्याचं सभागृहाच्या जरा उशिराच लक्षात आलं.

पोटनिवडणूक लागली. एकीकडे तंबाखूचे मळेवाले कर्नल थॅक्स्टन, दुसरीकडे पीठगिरणीवाला जोएल पिकरेल. ईनक टार्पली लाकडी पिंपं करायचा, त्यातली निम्मी कर्नलच्या तंबाखूला जायची. पण जोएल त्याचा शेजारी. ईनक तापाने फणफणला तेव्हा उशाशी बसून पेज पाजणारा. मत जोएललाच, असं ईनकने कधीच सांगून टाकलं होतं.

दोघे जोएलच्याच गाडीतून कचेरीकडे निघाले. आमच्याकडे मत चिठ्ठीवर नसतं. शेरीफसमोर, उमेदवारांच्या देखत, तोंडाने द्यायचं; ज्याला मिळालं त्याने उठून आभार मानायचे.

"म्हणून दाखव बघू," जोएल म्हणाला.

"जोएल पिकरेल."

"अरे, घोड्यालासुद्धा ऐकू गेलं नाही."

ईनक असा ओरडला, की घोडा थांबलाच. दोघे हसून बेजार.

कचेरीबाहेर कर्नलतर्फे डुकरं भाजली जात होती आणि रमचं पिंप उघडलं होतं. पिंप ईनकनेच केलेलं. कुठे गळत तर नाही ना, हे पाहण्यापुरती त्याने चव घेतली. दोनदा पाहिलं.

आत शेरीफने विचारलं, "ईनक टार्पली, मत कोणाला?"

कर्नल त्याच्याकडे बघत होता. रागाने नव्हे, पिंपाकडे बघावं तसा, टिकेल की नाही.

जोएल आभार मानायला खुर्चीतून अर्धा उठलाही होता.

"कर्नल थॅक्स्टन," ईनक म्हणाला. आवाज खणखणीत निघाला. सकाळचा सराव.

"आभारी आहे, टर्नरसाहेब," कर्नल म्हणाला. टार्पली हे नाव शेरीफने नुकतंच मोठ्याने घेतलं होतं.

जोएलने खुर्चीवरची नसलेली धूळ झटकली आणि खाली बसला.

संध्याकाळी जोएल हरला. ईनक आधीच पायी निघाला होता. एखाद्या पिंपात शिरावं आणि वरून झाकण ठोकून घ्यावं, असं त्याला वाटत होतं. पण ठोकायला सांगावं असा माणूस जोएलखेरीज कोणी आठवेना. तेवढ्यात मागून गाडी आली.

"चढ," जोएल म्हणाला.

"जातो मी चालत."

"चढ रे, लांब आहे."

तो चढला. दोघे घोड्याच्या कानांकडे बघत राहिले.

"कचेरीतल्या खुर्च्या भारी टोचतात," शेवटी जोएल म्हणाला. "मधेमधे उठावंच लागतं."

"हो," ईनक म्हणाला.

घोड्यालासुद्धा ऐकू गेलं नाही.