रांगेतलं पाकीट

बटण एकाच दोऱ्यावर लोंबत होतं. स्वेटरचं, वरून तिसरं, तपकिरी, चार भोकांचं... आणि डाव्या हाताची बोटं मघापासून त्याच्याशीच चाळा करताहेत, हे तिला आत्ता कळलं. आई सकाळी दारात म्हणाली होती, काढून ठेव ते, संध्याकाळी लावून देते. आणि ती हो म्हणून तशीच निघाली होती, कारण ‘संध्याकाळी’ ह्या शब्दापाशी दोघीही जरा अडखळल्या होत्या. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट येणार होता. आईच्या मानेतली गाठ काढून तपासायला दिली होती, तिचा. समोरच्या पडद्यावर आकडा पुन्हा वाढला. तिनं बटण सोडलं आणि माउस धरला.

आकडा अडकलेल्या मेलांचा होता. लॅबमधून बाहेर जाणारं सगळं — रक्ताचे रिपोर्ट, गाठींचे रिपोर्ट, बिलं, डॉक्टरांना निरोप — मागच्या खोलीतल्या जुन्या सर्व्हरमधून जायचं. लॅबमधल्या माणसांच्या मेलच्या पेट्या मात्र गेल्या वर्षी क्लाउडवर नेल्या होत्या, म्हणजे कुणीच न पाहिलेल्या कुठल्याशा इमारतीत. तिथलं सगळं आपोआप चालतं असं नेताना सांगितलं होतं, आणि ते आपोआप चालावं म्हणून ती रोज आठ तास राबत होती. लॅबमध्ये तिला मेलवाली म्हणत. मोठे डॉक्टर, म्हणजे लॅबचे मालक, खुशीत असले की पोस्टमास्तरीणबाई म्हणत, आणि आज त्यांनी फोनवर नुसतंच “मॅडम” म्हटलं होतं.

“मॅडम, सर्जनचा फोन आला होता. पेशंट टेबलावर घ्यायचाय, रिपोर्ट नाही. काय चाललंय?”

“बघतेय सर.”

बघत होतीच. परत आलेल्या मेलांवरचा शेरा वाचत होती. शहरातले निम्मे लोक ज्या कंपनीची पेटी वापरतात, ती कंपनी म्हणत होती, तुमच्याकडून येणारं टपाल संशयास्पद आहे, तूर्त घेणार नाही. आईची पेटीही त्याच कंपनीची... हे मनात आलं आणि तिनं ते बाजूला सारलं, ताटातला खडा बाजूला सारावा तसं. आधी काम.

कारण सापडायला वेळ लागला नाही. काउंटरवरच्या काकूंच्या पेटीतून रात्रभर हजारो मेल गेले होते — बक्षिसं लागल्याचे, कर्ज मंजूर झाल्याचे — जगभर, न ओळखणाऱ्यांना. काकू रात्री दहाला झोपतात. म्हणजे किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली होती. तिनं काकूंचा पासवर्ड बदलला, जिथून जिथून कुणी आत शिरलं होतं तिथून सगळ्यांना बाहेर काढलं आणि मग खाली काउंटरवर गेली.

“काकू, काल कुठे पासवर्ड टाकलात का?”

“मी कशाला टाकते?” काकूंनी चष्मा वर केला. “तुमचाच मेल आला होता तेवढा. पेटी भरली म्हणून.”

“माझा?”

“खाली अ‍ॅडमिन लिहिलं होतं. म्हटलं, तुम्हीच. तुम्हीच म्हणता ना, पेटी भरली की लगेच करा. केलं लगेच. आता लगेच केलं तरी चूक, नाही केलं तरी चूक.”

रागवावं असं बरंच होतं, पण काकू चष्मा काढून पुन्हा पुन्हा पुसत होत्या, आणि माणूस असा चष्मा पुसायला लागला की हिला रागावता येत नाही, ही हिची जुनी अडचण. “तुमची चूक नाही,” ती म्हणाली, “नवा पासवर्ड मग सांगते, कागदावर लिहून काचेखाली ठेवू नका.” काकूंनी काचेखालचा कागद हळूच ओढून घेतला.

आता रांग निवडायची. चोराचे मेल वेगळे, आपले वेगळे. त्या कंपनीकडे विनंती टाकून झाली होती — घर साफ केलंय, आता घ्या — आणि उत्तर येईपर्यंत घर खरोखरच साफ करायला हवं होतं. रांगेत प्रत्येक मेलची एक ओळ दिसते: कुणी, कुणाला, कधी, किती वजनाचं. पाकिटावरचं सगळं दिसतं. आतलं दिसत नाही... म्हणजे, तिनं ठरवलं तर दिसू शकतं, हवी ती पेटी उघडता येते, आणि कोणी काय उघडलं ह्याची नोंद तपासणारीही तीच. पण कुंपणानंच शेत खायचं नसतं. इतक्या वर्षांत ती कुणाच्या पाकिटात डोकावली नव्हती, आणि ह्याबद्दल तिला स्वतःचा थोडा, कुणाला न सांगितलेला, अभिमान होता.

चोराचे मेल हलके आणि एकाच मापाचे, म्हणून तिनं ओळी वजनाप्रमाणे लावल्या. जड वर, हलके खाली. खालचे शेकड्यांनी पुसत चालली. मग सहज वर गेली, आणि वरच्या पाच-सहा ओळींत आईचा पत्ता होता.

आईचं नाव, आईचं जन्मसाल, सगळं जोडून तिनंच करून दिलेला पत्ता. पाठवणारा: गाठींच्या तपासणीचा विभाग. आणि वजन...

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं पाकिटं हाताखालून गेली की हात आपोआप शिकतो. गाठ साधी निघाली तर एक पान, चार ओळी, सही — हलकं. वाईट निघाली की पेशींचे फोटो येतात, दुसऱ्या डॉक्टरांचं मत येतं, पुढे काय करावं ते येतं — जड. न उघडता कळतं. शितावरून भाताची परीक्षा. एकदा ती मनाशी म्हणालीसुद्धा होती, मला सगळ्या शहराच्या आधी कळतं, आणि हसली होती. तेव्हा ती पाकिटं कुणाची तरी होती.

पडदा तसाच होता, पंखा फिरत होता, शेजारच्या टेबलावर बिलांचा हिशेब करणारा कुणाला तरी म्हणत होता, नाही हो, अजून मेलच जात नाहीये... आणि ती त्या एका आकड्याकडे बघत होती. नसेल. असेलच असं नाही. कधीतरी साधाही जड... कधी? आठव ना, कधी? तिला एकही आठवेना.

आधी मी बघणार, आई म्हणाली होती. गाठ काढायच्या आदल्या दिवशी, कपड्यांच्या घड्या घालता घालता, अगदी सहज. “माझा रिपोर्ट माझ्या पेटीत येईल. तू तिथली अधिकारी असशील, पण डोकावायचं नाहीस. कबूल?” हिनं चेष्टेवर नेलं होतं — अगं, मी काय सगळ्यांचं वाचत बसते का? आई हसली नव्हती. “तुझ्या बाबांना सगळ्यात शेवटी कळलं. त्यांचंच दुखणं, आणि तू, मी, दादा, डॉक्टर, सगळ्यांना ठाऊक. आपण प्रेमानंच केलं. पण एक दिवस ते मला म्हणाले, घरात माझ्याशी कुणी नीट भांडतसुद्धा नाही गं आता. म्हणजे त्यांना कळलंच होतं. नुसतं सांगितलं नव्हतं कुणी.” उशीचा अभ्रा तिनं दोनदा घडी घातला, उलगडला, पुन्हा घातला. “माझं तसं नको.”

मी उघडलेलं नाही. मी काहीच उघडलेलं नाही. मी वजन बघितलं, ते तर बघावंच लागतं, ते माझं काम आहे... पण हे सगळं कुणाला सांगत होती? पाकिटाला हात न लावता शब्द मोडला होता, आणि मोडला नाही असंही कुठल्याही कोर्टात सिद्ध करता आलं असतं. आता उघडून तरी काय बिघडणार? निम्मं कळलंय, पूर्ण कळू दे. पाठवलेल्याची प्रत विभागाच्या पेटीत असतेच. दोनदा टिचकी. बोट माउसवर होतं आणि ते आपलं नाही असं तिला वाटत होतं.

फोन वाजला. आई.

आता, आई ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. उभी नोकरी कानाला हेडफोन लावून, लोकांचे ट्रंक कॉल जोडण्यात गेली. कानावर सगळं पडतं, पण ऐकायचं नाही, हा तिचा तिथला धर्म. पण पलीकडच्याच्या पहिल्या ‘हॅलो’वरून तिला कळायचं, की घरात मूल झालंय, का माणूस गेलंय, का नुसतेच पैसे हवेत. घरात तिच्याशी फोनवर खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती. उशीर होणार असला की बाबा शेजाऱ्यांकडे निरोप ठेवायचे.

“हॅलो,” ती म्हणाली. साधंच म्हणाली. शक्य तितकं साधं.

“कामात आहेस?”

“हो, अगं, मेल अडकलेत सगळे. सकाळपासून.”

“असं होय. मी म्हटलं, अजून आलं कसं नाही.” ताकाला जाऊन भांडं लपवणं आईच्या स्वभावात नव्हतं, पण तिनंही पुढचं विचारलं नाही. “म्हणजे रांगेत असेल.”

“रांगेत असेल. सगळ्यांचेच आहेत.”

आई ऐकत होती... शब्द नाही, शब्दांच्या खालचं. हिला वाटलं, श्वास नीट घ्यावा, आणि मग वाटलं, आपण श्वास नीट घेतोय हे तिला ऐकू जाईल.

“बरं,” आई म्हणाली. फार मऊ म्हणाली. “तू जेवून घे वेळेवर.”

फोन बंद झाला. बोटं पुन्हा बटणावर होती. कळलं तिला. मी काही बोलले नाही आणि तिला कळलं. ज्या बातमीसाठी तिनं स्वतःची पेटी करून घेतली, पासवर्ड पाठ केला, ती तिला माझ्या घशातून पोचली.

कंपनीचं उत्तर आलं: घेतो, पण सावकाश सोडा. थोडे थोडे, तुकड्यांनी. कुठली तुकडी आधी, हे तिच्या हातात होतं, आणि एखादं पाकीट मागे ठेवणंही. हे मनात आलं आणि घट्ट बसलं. आईचं ठेवू या. संध्याकाळी घरी पोचले की तिथून सोडते. उघडेल तेव्हा मी शेजारी असेन. ह्यात वाईट काय? काहीच नाही, हे प्रेमानंच... आणि ‘प्रेमानंच’पाशी ती थांबली, उशीचा तो अभ्रा डोळ्यांपुढे आला.

मोठे डॉक्टर म्हणाले, आधी सर्जन लोकांचे सोडा. त्या टेबलावरच्या पेशंटचा रिपोर्ट तिनं लगेच सोडला, आणि बाकीच्यांसाठी म्हणाली, “रांग मोडली तर पुन्हा अडवतील सर.” हे अर्धं खरं होतं. मग आले त्या क्रमानं सोडायला लागली. पहिली तुकडी गेली. दुसरी. आईची ओळ वर सरकत होती, आणि ती जेव्हा अगदी वर आली तेव्हा तिनं हात मांडीवर ठेवले. ओळ नाहीशी झाली. पलीकडून पोच आली. बस्स, एवढंच.

तेवढ्यात फोन. पुन्हा मोठे डॉक्टर, पण आवाज निवळलेला, खुशीकडे झुकलेला.

“जायला लागले म्हणे? शाबास पोस्टमास्तरीणबाई. मला सांगा, ह्या फोटोंमुळे तर नव्हतं ना अडकलं?”

“कुठल्या फोटोंमुळे सर?”

“अहो, आपले गाठींचे डॉक्टर रजेवर आहेत ना, त्यांच्या जागी परवापासून आलेत ते. हौशी आहेत. सरसकट सगळ्या रिपोर्टांना पाच-पाच फोटो जोडतायत. साधी चरबीची गाठ असली तरी अल्बम! मी म्हटलं, मेल जड होऊन अडकले असतील.”

“नाही सर,” ती म्हणाली. “त्यामुळे नव्हतं.”

फोन ठेवून ती मागच्या खोलीत गेली. सर्व्हरच्या पंख्यांचा एकसुरी आवाज होता, तिथे कुणाला काही ऐकू जात नाही. ती रॅकला टेकून उभी राहिली. म्हणजे जड असण्यात काही नव्हतं. म्हणजे तिला काहीच कळलेलं नव्हतं, सकाळी होतं तेवढंच आताही ठाऊक होतं — कदाचित साधी, कदाचित वाईट. आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही, आणि लगेच त्याच्या पाठोपाठ आईचं ते मऊ ‘बरं’ आलं. मी तिला काय सांगून बसले? जे मला माहीत नव्हतं ते. आणि तिनं कधी चुकीचं ऐकलेलं नाही... तिनं आजही बरोबरच ऐकलं, माझीच खात्री खोटी होती.

“हॅलो,” ती पंख्यांच्या आवाजात म्हणून बघू लागली. “हॅलो. आई, हॅलो.” एकही साधं येईना. एक फार आनंदी, एक फार सावध. शेवटी तिनं तयारी सोडली आणि नंबर लावला.

“हं,” आई म्हणाली.

“आई, मी उघडलं नाही.”

“माहीत आहे मला.”

“आलं ना तुला?”

“आलंय. मघाच आलं.” मागे नळ चालू होता; आईनं तो बंद केला. “मीही नाही उघडलं.”

“का?”

“तुझा आवाज ऐकला, म्हटलं, हे एकटीनं बघायचं नको. तू आलीस की बघू.”

“अगं, माझ्या आवाजावर जाऊ नकोस. मला खरंच काही माहीत नाही. मला वाटलं होतं, पण... आई, मला काहीच माहीत नाही.”

पलीकडे आई ऐकत होती. ह्या वेळी हिनं श्वास सांभाळला नाही.

“मग कशावर जाऊ?” आई म्हणाली. रागानं नाही. आणि मग, “ये तू. बटण काढून आण, पाडशील कुठेतरी.”

रांग रिकामी झाली होती. आकड्याच्या जागी शून्य होतं, काकूंचा नवा पासवर्ड सांगायचा राहिला होता, तो तिनं जाता जाता सांगितला, आणि काकूंनी तो तळहातावर लिहून घेतला. जिन्यावर तिनं दोरा तोडला आणि बटण पर्समध्ये टाकलं. मला माहीत नाही, ती एकेक पायरी उतरत मनात म्हणत होती, खरंच माहीत नाही... सकाळी ह्याच वाक्याची तिला भीती वाटली होती. आता ते जसंच्या तसं, आईला ऐकू येईल इतकं खरं ठेवून, तिला घरापर्यंत न्यायचं होतं.